जर्मन बिल्ल्यावरचा मुलामा: मूळचा, झिजलेला की नंतर चढवलेला?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यात ज्या घरातलं कुणी दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होतं, त्या घरच्या लोखंडी ट्रंकेत एखादा जर्मन बिल्ला निघाला तर नवल नाही. रेजिमेंटच्या पलटणी इटलीत जर्मनांशी समोरासमोर लढल्या. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या अप्पर टायबर खोऱ्यातल्या लढाईबद्दल, तर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कैदी झालेल्या किंवा मेलेल्या शत्रूच्या अंगावरचे बिल्ले खिशात टाकणं ही तेव्हा सगळ्याच सैन्यांतली रीत होती.

असा बिल्ला हातात आला की पहिला प्रश्न रंगाचा येतो. पुस्तकातल्या चित्रात काळा दिसणारा आपल्याकडे सोनेरी आहे, चांदीचा असायला हवा तो तांबूस आहे, किंवा सगळा अंगठीसारखा लखलखतो आहे. विकणारा अशा प्रत्येक वेगळेपणाला ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणतो आणि घेणाऱ्यालाही ते ऐकायला बरं वाटतं. दुर्मिळ प्रकार होते, नाही असं नाही. पण वेगळ्या रंगाची कारणं बहुतेक वेळा फारच साधी असतात. काळाने मुलामा गिळलेला असतो, घरच्यांनी बिल्ला घासलेला असतो, किंवा कुणा कारागिराने नवा मुलामा चढवलेला असतो. ही तिन्ही कारणं तपासून बाद केल्याशिवाय चौथ्याकडे, म्हणजे कारखान्याने मुद्दाम दिलेल्या वेगळ्या मुलाम्याकडे, जाऊ नका. क्रम असा ठेवा: आधी धातू, मग थर, मग काळ. रंग सगळ्यात शेवटी.

लागणारं सामान

दहापट दाखवणारं सराफी भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, छोटं जोरदार लोहचुंबक, तिरपा प्रकाश टाकायला बारीक टॉर्च, शिवणाचा दोरा, काचेचा पेला, डिस्टिल्ड पाणी, कापसाच्या काड्या. मोबाइलला जोडायचा मायक्रोस्कोप असेल तर उत्तम, पण भिंगाने नव्वद टक्के काम होतं. ॲसिटोन असू द्या, मात्र बाटली सध्या बंदच राहू दे.

बिल्ला सराफाकडे नेलात तर एक गोष्ट आधीच बजावून सांगा: कसोटीच्या दगडावर घासायचं नाही आणि तेजाब लावायचं नाही. कसोटीवर फक्त वरचा मुलामा उतरतो, तोच तर आपला पुरावा. आणि खाली जस्त असेल तर तेजाबाचा एक थेंबही ते क्षणात खातो.

धातू ओळखा

जर्मन बिल्ले ढोबळमानाने पाच-सहा धातूंत झाले. सुरुवातीचे चांगले बिल्ले टोंबाकचे, म्हणजे तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या लालसर पितळेचे. काही जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचे. त्यात नावापुरतीही चांदी नसते. काही ॲल्युमिनियमचे. काही क्युपालचे, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पत्रा दाबून बसवलेले. काळा जखमी बिल्ला, म्हणजे लढाईत जखमी झालेल्याला मिळणारा, बहुधा पातळ पोलादी किंवा पितळी पत्र्याचा. युद्ध पुढे सरकलं, तांबं आणि निकेल तोफगोळ्यांसाठी लागू लागलं, तसे बिल्ले जस्ताचे होत गेले. इटलीच्या मोहिमेतून आलेल्या बिल्ल्यांत म्हणूनच जस्त जास्त अपेक्षित आहे. अर्थात १९४० मध्ये टोंबाकचा बिल्ला मिळालेला जर्मन सैनिक १९४४ मध्ये तोच छातीवर लावून फिरत असणार, त्यामुळे टोंबाक दिसलं म्हणून बिचकू नका.

धातू ओळखायची खात्रीची आणि फुकटची रीत म्हणजे घनता. बिल्ल्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवू नका, उलट करा: काट्याच्या वर छोटा स्टँड उभारा किंवा काट्याखालच्या हुकाला दोरा बांधा, आणि बिल्ला पाण्यात पूर्ण बुडालेला, पण तळाला-काठाला न टेकलेला, असा लटकवून वजन घ्या. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे नक्षीत बुडबुडे अडकत नाहीत. कोरडं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, ही झाली घनता.

समजा कोरडं वजन २१.४० ग्रॅम आणि पाण्यातलं १८.३८. फरक ३.०२, घनता साधारण ७.०९: हे जस्त. दुसरा बिल्ला २६.१० आणि २३.०९ भरला तर फरक ३.०१, घनता ८.६७: टोंबाक किंवा जर्मन सिल्व्हर, या दोघांतला निवाडा झिजलेल्या जागेच्या रंगावरून करायचा. शुद्ध जस्त ७.१४, जस्ताचं ओतीव मिश्रण ६.६ ते ६.७, लोखंड ७.८७, ॲल्युमिनियम २.७. कथिलाच्या मिश्रणाचे स्वस्त नकली बिल्ले ७.३ च्या आसपास येतात आणि शिसं जास्त असलं की त्याच्याही वर जातात. इथे थोडं सांभाळा, कारण जस्त आणि कथिल आकड्यांत जवळ आहेत. कथिलाचं मिश्रण मऊ असतं, नखाने दाबलं तरी पातळ कड वाकते. जस्त वाकत नाही, तुटतं.

ही रीत फसते कुठे? आत पोकळी असलेल्या, दोन तुकडे जोडलेल्या बिल्ल्यात. आतली हवा घनता खोटी कमी दाखवते. आयर्न क्रॉसमध्येही ती निरुपयोगी आहे, कारण त्यात मधला गाभा लोखंडाचा आणि चौकट वेगळ्या धातूची असते. तिथे चुंबक वापरा. गाभा चुंबकाला धरतो, चौकट धरत नाही. चुंबकाला न धरणारे गाभे असलेले अस्सल क्रॉस झाले, पण ते अपवाद. नकली मात्र ढिगाने आहेत. पोलादी पत्र्याचा काळा जखमी बिल्ला, ज्याचा रंग पोपडे होऊन सुटतो आहे, तो पाण्यात बुडवूच नका. पाणी पोपड्याखाली शिरलं की आठवडाभरात नवा गंज. तिथे चुंबकाचं उत्तर पुरेसं आहे. बुडवलेला बिल्ला बिजागरीसकट पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच ठेवा. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात तर ही तपासणी पुढेच ढकला.

रंगाची चार नेहमीची फसगत

आता मूळ मुद्द्याकडे. चार चुका इतक्या वारंवार होतात, की थर वाचण्याआधी त्या माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली, काळ्याचं सोनं. जखमी बिल्ल्याचे तीन वर्ग होते: एक-दोन जखमांना काळा, तीन-चार जखमांना चांदीचा, पाच किंवा जास्त जखमांना सोन्याचा. काळा बिल्ला पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेला, मागून पोकळ. चांदी आणि सोन्याचे वर्ग साधारणपणे भरीव, मागून सपाट. पितळी पत्र्याच्या काळ्या बिल्ल्यावरचा रंग गेला की खालचं पितळ झळकतं आणि घरात ‘सोन्याचा बिल्ला’ तयार होतो. उलटा करा. हेल्मेटचा फुगवटा मागून खोलगट दिसला तर तो काळा वर्ग समजा. नक्षीच्या खोल कोपऱ्यात, तलवारींच्या बाजूला, बिजागरीच्या बुडाशी काळ्या रंगाचे ठिपके भिंगातून सापडतातच.

दुसरी, चांदीचं ब्राँझ. इन्फंट्री ॲसॉल्ट बिल्ला २० डिसेंबर १९३९ ला चांदीच्या वर्गात सुरू झाला आणि १ जून १९४० ला मोटारवाहू पायदळासाठी ब्राँझ वर्ग आला. टोंबाकवरची चांदी छातीवर घासून गेली की लालसर धातू उघडा पडतो आणि बिल्ला ब्राँझचा वाटतो. खोलगट जागी काळवंडलेली चांदी उरलेली दिसली तर निकाल लागला. दुसरं कारण लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप. चांदीवर दिलेला पारदर्शक लॅकर काळाने पिवळा पडतो आणि बिल्ल्याला तेलकट, फिकट सोनेरी छटा येते. लॅकरला भिंगाखाली जाडी असते. तो पानांच्या बुडाशी साचलेला असतो, त्याला केसासारख्या भेगा असतात, घासलेल्या उंच जागी तो नसतो. धातूच्या मुलाम्याला असा काचेसारखा काठ नसतो.

तिसरी, ब्राँझची चांदी. जस्तावरचा ब्राँझ मुलामा उडाला की करडं जस्त उरतं आणि लोक त्याला चांदीचा वर्ग समजतात. इथे खरा साक्षीदार बिजागरीच्या ठोकळ्याखालची आणि पिनेच्या आडची जागा. तिथे कापड लागत नाही, हात लागत नाही. तपकिरीची एखादी रेघ तिथेच राहते.

चौथी, सोन्याचं करडं. नौदलाचे बिल्ले, उदाहरणार्थ १३ ऑक्टोबर १९३९ ला सुरू झालेला पाणबुडी बिल्ला, सोनेरी असायचे. जस्ताच्या प्रतींवर ते सोनेरीपण टिकलेलं क्वचितच दिसतं. कोपऱ्यात उरलेले सोनेरी कण आणि बाकी सगळं राखाडी, हीच त्यांची स्वाभाविक स्थिती.

जस्त मुलामा का गिळतं

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण नकली ओळखण्याची निम्मी किल्ली इथे आहे. जस्ताच्या अंगावर तांबं, चांदी किंवा सोन्याचा पातळ थर दिला तर तो नुसता घासून जात नाही, तो हळूहळू जस्तात मुरतो. दोन धातूंचे अणू एकमेकांत मिसळत जातात आणि काही दशकांनी वरचा थर दिसेनासा होतो. म्हणून ट्रंकेत कुणीही न हाताळता पडून राहिलेला, नक्षी धारदार असलेला जस्ताचा बिल्लाही मंद करडा असू शकतो. त्याची नक्षी शाबूत, रंग गेलेला: ही जोडी जस्ताला शोभते.

याचंच उलट रूप संशयाचं. ऐंशी वर्षांचं जस्त आणि त्यावर आरशासारखी सलग पांढरी चांदी दिसली, तर मुलामा अलीकडचा असण्याची शक्यता मोठी. जस्तावर थेट चांदी नीट बसत नाही, म्हणून आधी तांब्याचा अस्तर-थर देतात. त्यामुळे उंच जागी चांदी, मग गुलाबी तांबं, मग करडं जस्त असे थर दिसले तर ते स्वाभाविक आहे, पण तेवढ्यावरून जुनं ठरत नाही. आजचे मुलामेवालेही असंच अस्तर देतात, आणि चांदी मुरू नये म्हणून मध्ये निकेलचा थर घालतात. निकेलवरची चांदी टिकते, चकाकते, आणि म्हणूनच पकडली जाते.

युद्धातल्या कारखान्यांत जस्तावर भट्टीत भाजलेला लॅकरही वापरत. ब्राँझच्या छटा त्यामुळे एकाच कारखान्याच्या मालातही चॉकलेटी ते गुलाबीसर अशा बदलतात. छटा पुस्तकाशी जुळली नाही एवढ्या कारणावरून बिल्ला नकली म्हणणं घाईचं होईल.

थरांचा क्रम वाचणं

भिंग घ्या, टॉर्च बाजूने तिरपी धरा आणि एकच प्रश्न विचारत फिरा: आधी झीज झाली की आधी मुलामा आला?

गरुडाच्या छातीवरची पिसं, रायफलीचा बोल्ट, हेल्मेटची कड, पर्णमाळेच्या पानांच्या शिरा बघा. या जागा गोलावलेल्या, बोथट झाल्यात, पण त्यांच्यावर मुलामा पूर्ण जाडीचा आणि अखंड आहे, तर मुलामा झिजेनंतर आलाय. या एका खुणेवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवा. नव्याने मुलामा देताना कारागीर आधी बफ, म्हणजे चकाकी आणायचं फिरतं चाक, मारतो. बफ नक्षीची धार घेतो, मग मुलामा ती बोथट नक्षी झाकतो.

जुने ओरखडे शोधा. ओरखड्याच्या तळाला खालचा धातू दिसायला हवा. तळातही मुलामाच असेल, तर ओरखडा मुलाम्याच्या आधीचा.

पिन पोलादी असेल तर तिच्यावरचा गंज बघा. गंजाच्या खड्ड्यांवरून चांदी गेलेली असणं हे सगळ्यात बोलकं. खड्डा चकचकीत, कडा गोल. कारखान्यात गंजलेल्या पिनेवर मुलामा कुणी देत नसतं.

कारखान्याचा शिक्का वाचा. एल-तिरकी रेघ-आकडा ही पद्धत १९४१ मध्ये आलेल्या जर्मन पदकनिर्मात्यांच्या संघाची, खासगी विक्रीच्या मालासाठी. नुसता आकडा सरकारी पुरवठ्यासाठी. सी. एफ. झिमरमान, फोर्झहाइम याचा एल/५२. रुडॉल्फ सूवाल, व्हिएन्ना याचा एल/५८. मुलाम्याच्या दृष्टीने शिक्क्याचं काम वेगळं आहे: अक्षरांच्या खोबणी भरल्यासारख्या, लोण्यात उमटल्यासारख्या दिसल्या तर वर नवा थर आहे. शिक्का आहे म्हणून बिल्ला युद्धकाळचा, असंही समजू नका. सूवालसारख्या काहींनी युद्धानंतरही माल काढला. पश्चिम जर्मनीत २६ जुलै १९५७ च्या कायद्याने जुनी पदकं स्वस्तिक वगळून घालायची परवानगी मिळाली आणि त्या नमुन्यांचे नवे बिल्ले निघाले. त्यांचा मुलामा एकसारखा, स्वच्छ आणि चकचकीत असतो. ते खोटे नाहीत, पण युद्धकाळचेही नाहीत.

डाग, म्हणजे जोडाची झाळ, तपासा. बिजागरी आणि हूक जिथे जोडलेत तिथल्या डागावर बहुधा बिल्ल्याचाच मुलामा असतो. डाग उघडा करडा आणि भोवतीचा मुलामा भाजून तपकिरी झालेला असेल तर पिन नंतर बदलली आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं. चांदीकामाचा कडक डाग त्याहून बराच जास्त तापमान मागतो, त्यामुळे आपल्याकडच्या कारागिराने जस्ताच्या बिल्ल्यावर तो लावायचा प्रयत्न केला की पाठीवर फोड किंवा खळगा उमटतो. कथिलाचा मऊ डाग लावलेला असेल तर ढेकळासारखा पसरलेला दिसतो. दुरुस्ती म्हणजे नकलीपणा नव्हे, नोंद मात्र करा.

ओतीव नकल ओळखायला पृष्ठभागावरचे बारीक गोल खड्डे, साबणाने धुतल्यासारखी मऊ नक्षी आणि कडेवरची, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली, जोडरेघ पाहतात. टोंबाकच्या बिल्ल्यात ही खूण गुन्हेगारच. जस्ताच्या बाबतीत मात्र दम धरा. जस्ताचे बरेच अस्सल बिल्लेही दाबाने ओतलेले आहेत, त्यांत जोडरेघ आणि मुलाम्याखालचे छोटे फोड सर्रास आढळतात. तिथे कॅलिपर कामाला येतो. अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नकल थंड होताना आकसते. दीड टक्का धरला तर ४४ मिलिमीटरचा क्रॉस ४३.३ भरतो. तुलना त्याच कारखान्याच्या मापाशी करा, दुसऱ्याच्या नको.

आपल्याकडचे मुलामे

बेळगाव-शहापूरचे सराफ आणि निपाणीपलीकडे हुपरीचे चांदी कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. मुलामा देणं, ऑक्सिडाइज करणं, रोडियम पॉलिश मारणं ही त्यांची रोजची कामं. आजोबांचा बिल्ला फ्रेममध्ये लावायच्या आधी ‘जरा चमकवून आणा’ म्हणून कुणीतरी तो दिलेला असतो. त्यात कपट नसतं, पण पुढच्या पिढीला तो ‘वेगळ्या मुलाम्याचा दुर्मिळ बिल्ला’ वाटतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा: कधी पॉलिशला दिला होता का? पिन तुटली म्हणून जोडून आणली होती का? साडीला ब्रोच म्हणून कुणी लावायचं का?

आणखी एक प्रश्न विसरू नका: खंडेनवमीला शस्त्रांबरोबर घासला जायचा का? चिंच, लिंबू, राख, पितांबरी, सगळं पितळेसाठी ठीक. जस्ताला आंबट सोसत नाही. चिंचेने घासलेल्या जस्ताच्या बिल्ल्यावरचा उरलासुरला मुलामा उतरतो, पृष्ठभाग दाणेदार, पांढुरका होतो आणि नक्षीच्या फटींत पांढरी पूड बसते. तिला कुणी ‘मॅट सिल्व्हर’ म्हटलं तर हसून सोडून द्या. घासल्याच्या रेघा एका दिशेने जातात, झिजेच्या रेघा सगळीकडे. टोंबाक आंबटाने गुलाबी-नारिंगी होतं, तो रंगही ब्राँझ वर्गाचा नाही.

हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रे यंत्रावर तपासणी करून मिळते. ते यंत्र फक्त वरचा पातळ भाग वाचतं, म्हणून एकाच जागेचं वाचन घेऊन परतू नका. पुढची झिजलेली उंच जागा, पुढची खोलगट जागा आणि पाठ, अशी तीन वाचनं मागा. झिजलेल्या जागी मूळ धातू, खोलगट जागी मुलामा, असा फरक दिसला तर चित्र सुसंगत. रोडियम निघालं तर ते आजच्या दागिन्यांच्या पॉलिशचं समजा. चांदी आणि जस्ताच्या मध्ये भरपूर निकेल निघालं तर नव्या मुलाम्याचा संशय घट्ट करा.

मुद्दाम जुनं केलेलं

नवा माल जुना दाखवायच्या युक्त्या मर्यादित आहेत. गंधकाच्या द्रावणात बुडवलेली चांदी सगळीकडे सारखी काळी होते. नैसर्गिक काळेपणा खोलगट जागी जास्त, घासल्या जागी कमी, आणि कडेला निळसर-जांभळी झाक असा येतो. बूट पॉलिश भरलेलं असेल तर कापसाच्या काडीने पाठीवरचा कोपरा पुसा, किंवा हाताच्या तळव्यात बिल्ला गरम करून वास घ्या. मिठाच्या पाण्याने आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा. जुना गंज गडद तपकिरी आणि घट्ट. जस्तावर पांढरी-करडी पूड येते, तांब्याच्या मिश्रणावर हिरवा कळंक. जस्ताच्या बिल्ल्यावर हिरवं दिसलं तर तांब्याचं अस्तर असेल, नसेल तर धातू पुन्हा मोजा.

झिजेची जागाही तर्काला धरून हवी. छातीवर लावलेला बिल्ला समोरच्या उंच जागी, बाहेरच्या कडेला आणि पाठीच्या खालच्या अंगाला झिजतो. खोलगट पार्श्वभूमी घासलेली आणि गरुडाचं डोकं धारदार, ही झीज तारेच्या ब्रशाची.

ॲसिटोन सगळ्यात शेवटी. पाठीवर, बिजागरीच्या आडोशाला, काडीच्या टोकाने एक क्षण. आजचा स्प्रे-पेंट आणि नेलपॉलिशसारखे लेप विरघळून काडीला रंग लागतो. भाजलेला लॅकर इतक्या थोड्या स्पर्शाला सहसा दाद देत नाही. पुढच्या बाजूवर हा प्रयोग करू नका, मूळ लॅकर भेगाळलेला असेल तर तोही सुटेल.

काळाचा हिशेब

प्रत्येक बिल्ल्याला जन्मतारीख आहे आणि ती मुलाम्याला बांधते. क्लोज कॉम्बॅट क्लास्प, म्हणजे हातघाईच्या लढाईबद्दलची छातीवरची आडवी पट्टी, २५ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झाला, त्या वेळी जस्ताचं राज्य आलेलं होतं. म्हणून तो जवळजवळ नेहमी जस्ताचाच. टोंबाकवर जाड सोनं चढवलेला क्लास्प समोर आला तर आधी शंका. त्याचा ब्राँझ वर्ग १५, चांदीचा ३० आणि सोन्याचा ५० हातघाईच्या दिवसांना मिळायचा. सोन्याचे मोजकेच दिले गेले, म्हणून पिवळ्या पडलेल्या लॅकरचे ब्राँझ-चांदीचे क्लास्प ‘सोनेरी’ म्हणून फिरतात. जनरल ॲसॉल्ट बिल्ल्याचे आकडेवाले (आकडा म्हणजे हल्ल्यांची संख्या) प्रकार २२ जून १९४३ चे. त्यात २५ आणि ५० ची माळ चांदीची, ७५ आणि १०० ची सोनेरी. माळेचा रंग आणि आकडा जुळला नाही तर मुलामा नव्हे, आकड्याची पट्टी बदललेली असण्याचाही विचार करा.

घरच्या कागदांशीही ताळा घाला. डिस्चार्ज बुकात इटली, आफ्रिका असेल, त्या मोहिमांची ब्रिटिश पदकं, म्हणजे इटली स्टार किंवा आफ्रिका स्टार, सोबत असतील तर जर्मन बिल्ला सहज बसतो. नुसता बर्मा स्टार असेल तर जर्मन बिल्ला त्या घरात कुठल्या वाटेने आला ते विचारायला हवं. केरेनच्या (इरिट्रिया, १९४१) लढाईतला माणूस असेल तर समोर इटालियन होते, तेव्हा बिल्लाच इटालियन नाही ना हेही बघा. सैनिक आपसांत बिल्ले बदलत, विकत घेत, त्यामुळे कागद न जुळणं हा एकटा पुरावा नाही, पण वजनदार आहे.

नोंद कशी करावी

‘अस्सल’ आणि ‘नकली’ या दोनच खान्यांत बिल्ला कोंबू नका. चार शेरे वापरा: (१) मूळ बिल्ला, मूळ मुलामा; (२) मूळ बिल्ला, मुलामा गेलेला; (३) मूळ बिल्ला, नंतर मुलामा दिलेला; (४) नंतर तयार केलेला बिल्ला. तिसरा शेरा द्यायला लोक कचरतात, कारण किंमत पडते. पण तो लपवून विकलेला बिल्ला पुढच्या हातात गेला की भिंगाखाली येतोच.

नोंदीत कोरडं वजन, पाण्यातलं वजन, लांबी-रुंदी, शिक्का, चुंबकाचं उत्तर आणि कुठल्या ट्रंकेतून, कुणाचा, हे लिहा. फोटो पाच काढा: समोरून, मागून, तिरप्या प्रकाशात समोरून, बिजागरी जवळून, आणि मुलामा झिजलेली एक जागा भिंगातून. फ्लॅश बंद ठेवा, रंग खोटा येतो. पांढऱ्या कागदावर, सकाळच्या सावलीतल्या उजेडात काढलेला फोटो लॅकर आणि सोनं यांत फरक दाखवतो.

घासू नका, तेल लावू नका, आणि पॉलिशवाल्याच्या दुकानाजवळूनही नेऊ नका. सागवानी किंवा प्लायवूडच्या बंद पेटीत लाकडाची आम्लं जस्त खातात. रबर बँडमधलं गंधक चांदी काळी करतं. डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. साधी झिप पिशवी घ्या, पण पीव्हीसीची नको. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबरमध्ये दर महिन्याला त्या मंद तव्यावर वाळवून परत घाला.